वाकलेल्या बाईचं माप

मास्तरांनी पहिल्या दिवशी आधी माझं नाव विचारलं नाही. मी कॉलेजचं पत्र पुढे केलं, तेही घेतलं नाही. टेबलाखालून एक फडकं काढलं, माझ्या पायांशी टाकलं आणि म्हणाले, "पूस."

मला वाटलं, इथे नवीन आलेल्याने आधी फरशी पुसायची असते. निघताना आईने बजावलं होतं, कुणी काही काम सांगितलं तर तोंड पाडायचं नाही. मी खाली बसून पुसायला लागले.

"बसून नाय. वाकून."

मी वाकले. त्याबरोबर मास्तर गर्रकन वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "लता, कुर्तो खंय गेलो?"

लताताई गाळ्यात सॅम्पल शिवायच्या, म्हणजे नव्या कपड्याचा पहिला नमुना. त्यांनी मशीनवरूनच माझ्याकडे पाहिलं. "चार बोटं वर गेला."

"बगलेत?"

"ओढतोय."

"रेडिमेड," मास्तर भिंतीला म्हणाले. "उभ्या बाईसाठी कापलेलो." मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "ऊठ. आता नाव सांग."

मी तेव्हा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे घरी कुणाला विचारता येत नव्हतं आणि कॉलेजात विचारायची लाज वाटायची. गोवंडीत आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत फळ्यावर एक कागद चिकटवलेला होता, की कपड्यांच्या कारखान्यात एआय सॉफ्टवेअरच्या कामासाठी विद्यार्थी हवा आहे. मला वाटलं, एसी असेल. निघाला अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. तिथे युनिफॉर्म शिवले जायचे. हॉस्पिटलच्या मावश्यांचे, मॉलमध्ये साफसफाई करणाऱ्या बायकांचे, कँटीनवाल्यांचे.

कापड कापण्याआधी कपड्याचा एकेक भाग, म्हणजे पुढा, पाठ, बाही, जाड पुठ्ठ्यावर आखून कापून ठेवतात. तो पुठ्ठा कापडाच्या थप्पीवर ठेवून कटर, म्हणजे कापणारा कारागीर, शेकडो तुकडे कापतो. या पुठ्ठ्याला पॅटर्न म्हणतात. एक रेघ चुकली की पाचशे कपडे चुकतात. गाळ्यातल्या सगळ्या रेघा बत्तीस वर्षं मास्तरांनी मारलेल्या होत्या.

मी त्यांना साडेतीन महिनेच पाहिलं. तेवढ्यात माणूस कळतो असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याबाबत मी काय केलं, ते चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मास्तरांच्या भिंतीवर सायकलच्या आऱ्या वाकवून केलेले हूक होते आणि त्यांना पुठ्ठे लटकत असायचे. कुठल्याही पुठ्ठ्यावर स्मॉल, मीडियम, लार्ज असं काही नव्हतं. नावं होती. सुमन. हौसाबाई. पुष्पा. पुष्पा नवीन. मास्तरांनी ज्या बाईच्या अंगावर बसवून तो आकार ठरवला, तिचं नाव त्या आकाराला. नावाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एखादी ओळ. 'पुष्पा, सगळं काम वरच्या फळीवर.' 'सुमन, उजव्या हातात कायम बादली.' त्यामुळे गाळ्यात दिवसभर अशी बोलणी चालायची.

"सुमन किती कापल्या?"

"ऐंशी झाल्या, वीस राहिल्या."

"हौसाबाईची बाही उलटी लागली रे, उसव तिला!"

पहिला आठवडाभर मी दचकत होते. नंतर मीही जेवताना सहज म्हणून गेले, "आज पुष्पा नवीनचे गळे आले नाहीत," तेव्हा लताताई हसून म्हणाल्या, "झालं. ही पण गेली कामातून."

मास्तरांचा एकच सिद्धांत होता. उभ्या बाईचे कपडे कोणीही कापतो. पण युनिफॉर्म घातलेली बाई उभी कधी असते? ती वाकलेली असते, नाहीतर हात वर करून काचा पुसत असते. म्हणून माप वाकलेल्या बाईचं घ्यायचं. त्यांच्या प्रत्येक कुर्त्याची पाठ पुढ्यापेक्षा लांब असायची आणि बगलेत कापडाचा एक छोटा तिरका तुकडा, कळी, जोडलेला असायचा. कळीला कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. शिवणाऱ्या बायका त्या कळीला शिव्या घालत आणि स्वतःच्या ब्लाउजला मात्र गुपचूप तीच लावून घेत.

माप घेताना मास्तर कधीही बाईला हात लावत नसत. तिच्याकडे पाहतसुद्धा नसत. लताताई टेप लावायच्या, आकडा ओरडायच्या, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून वहीत लिहायचे. त्यांची टेप मात्र लताताईंशिवाय कुणी हातात घ्यायची नाही. पिवळी पडलेली, कडा झिजलेली कापडी टेप. माप त्याच टेपने, पुठ्ठ्यावर आखणीही त्याच टेपने. दुसऱ्या कुणाची टेप टेबलावर आली तर ती चिमटीत उचलून खिडकीत ठेवत, मेलेलं झुरळ उचलावं तशी. संध्याकाळी घरी जाताना ते ही टेप खिळ्याला टांगायचे आणि तिच्या खालच्या टोकाला कापड कापायची मोठी लोखंडी कात्री चापाने अडकवायचे.

मी विचारलं, हे कशासाठी?

"गुंडाळलेल्या टेपीक वाकडा ऱ्हवायची सवय लागता गो. वजन लावला की सकाळी सरळ."

बत्तीस वर्षं रोज रात्रभर ती कात्री तिथे लटकत होती. मला तेव्हा हे फार आवडलं होतं. मी माझ्या कॉलेजच्या रिपोर्टमध्ये 'साधनांविषयी आदर' असं लिहून ठेवलं होतं.

सॉफ्टवेअर मॅडमनी आणलं. मॅडम म्हणजे जुन्या शेटची मुलगी. वाईट नव्हत्या. शेट गेल्यावर बंद पडायला आलेला गाळा त्यांनीच उभा केला होता. त्या थोडं मराठी, थोडं हिंदी बोलायच्या. मला केबिनमध्ये बसवून म्हणाल्या, "हे बघ, मास्टरजीच्या वहीतली सगळी मापं तू यात टाक. एआय स्वतः पॅटर्न बनवतो. मोठा ऑर्डर येतोय, हॉस्पिटलचा. तीन महिन्यांनी मला एकच गोष्ट सांग. हे मास्टरजीशिवाय चालेल की नाही. हां या ना. गोलमोल नको."

"आणि चाललं तर?"

"तर मास्टरजीला आराम. उमर झाली ना त्यांची."

मी मान हलवली. बाहेर आले तर मास्तर पुठ्ठा कापत होते. वर न बघता म्हणाले, "काय म्हणतात मॅडम? म्हाताऱ्याक कधी पाठवायचो?"

मी वही उचलून कॉम्प्युटरकडे गेले. त्यांनी परत विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना त्या दिवसापासून सगळं माहीत होतं आणि तरीही वहीतलं त्यांचं अक्षर मला लागलं नाही की ते स्वतः येऊन वाचून दाखवायचे.

स्क्रीनवर एक बाई असायची. राखाडी, टक्कल असलेली, हात अंगापासून जरासे दूर धरून उभी. पॅटर्न तयार झाला की तिच्या अंगावर तो कपडा चढलेला दिसायचा. मास्तर पहिल्यांदा ती बघायला आले तेव्हा चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"हिचा नाव काय?"

"नाव नाही मास्तर. मॉडेल आहे ते."

"नावाशिवाय मी कापत नाय. कुंदा म्हण. कुंदा काय काम करता?"

"काही नाही. उभी राहते."

"आणि पगार?"

लताताई मागून म्हणाल्या, "मास्तर, अशी नोकरी मला पण बघा ना."

त्या दिवसापासून सॉफ्टवेअरचं नाव कुंदा पडलं. लाइट गेली की कटर ओरडायचा, "कुंदा झोपली!" मॅडमसुद्धा एकदा फोनवर चुकून कुंदा म्हणाल्या.

पण कुंदाने एकदा मास्तरांना गप्प केलं. सॉफ्टवेअरमध्ये एक रिकामा चौकोन होता, कपडा कशासाठी वापरणार ते लिहायचा. मी तो आधी कधी भरला नव्हता. त्या दिवशी सहज लिहिलं, 'वाकून फरशी पुसणे, हात वर करून काचा पुसणे.' कुंदा वाकली. हात वर केले. आणि पॅटर्न बदलला. पाठ लांब झाली. बगलेत एक छोटा तिरका तुकडा आला.

कळी.

मास्तर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी स्क्रीनवर, कळीच्या जागेवर बोट ठेवलं. "हिका कोणी सांगल्यान?"

"मी फक्त काम काय ते लिहिलं, मास्तर."

"म्हणजे तू सांगलंस," ते म्हणाले. "हिका काय ठावक?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि सुकटीचा वास गाळाभर पसरला तरी कोणीही त्यांना चिडवलं नाही.

माझी आई घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते. हे मी गाळ्यात कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असं नाही, किंवा वाटत असेलही. मास्तरांनी मात्र एकदा विचारलं, "आवस काय करता तुझी?" आणि मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला, जणू माझी आई मंत्री आहे. "रविवारी घेऊन ये. त्या हॉस्पिटलाचीच ऑर्डर येतली आसा."

आई आली. ठेवणीतली साडी नेसून आली होती, तिला लताताईंनी सॅम्पलचा कुर्ता-पायजमा दिला. फडकं पायांशी पडलं. आई न विचारता वाकली आणि सराईत हाताने पुसत पुसत टेबलाखाली निघाली.

"अहो बाई, थांबा!" लताताई टेप घेऊन मागे धावल्या. "माप घ्यायचंय, फरशी नाही पुसायची!"

"पुसते की मग. घ्या तुम्ही माप," आई टेबलाखालून म्हणाली. "लई धूळ हाय हितं."

मास्तर भिंतीकडे तोंड करून हसत होते. मी त्यांना असं हसताना एकदाच पाहिलं. मग त्यांनी नवा पुठ्ठा घेतला आणि विचारलं, "नाव?"

आईने आधी बाबांचं आडनाव सांगितलं, मग बाबांचं नाव.

"तुमचा नाव."

"कौसल्या," आई म्हणाली.

मास्तरांनी पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, कौसल्या. खाली पेन्सिलीने, 'पलंगाखाली हात लांब जातो.' आईने तो पुठ्ठा दोन्ही हातांत धरून पाहिला. तिला माझ्याइतकं वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव येतं.

आता चाचणीचं सांगते. मॅडमनी ठरवलं, एकाच मापाचे दोन कुर्ते शिवायचे. एक मास्तरांच्या पुठ्ठ्यावरून, एक कुंदाच्या पॅटर्नवरून. कापड एक, शिवणाऱ्या लताताईच. माप कौसल्याचं. आई एकेक दिवस एकेक कुर्ता घालून कामावर जाईल आणि सांगेल. त्यावरून हां की ना.

मास्तरांचा कुर्ता घालून आई आली तेव्हा काही बोललीच नाही. कपड्याची आठवणच आली नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी कुंदाचा घातला. संध्याकाळी तिने हात वर केला तर बगलेत लाल वळ उठले होते. "पाठीमागून सारखं वर जातंय बाई. वॉर्डातल्या पोरी म्हणायल्या, मावशी, धाकल्या लेकीचं घालून आल्या का?"

गाळ्यात दिवाळी झाली. लताताईंनी सगळ्यांना वडापाव आणला. कटर कुंदाची नक्कल करत हात लांब धरून गाळाभर फिरला. मास्तर जाताना स्क्रीनवरच्या बाईला म्हणाले, "बस जरा. दमलंस."

मॅडमनी मला विचारलं, "मतलब ना?"

"रिपोर्टमध्ये लिहून देते," मी म्हणाले.

रिपोर्टमध्ये एक रकाना होता, 'चूक का झाली'. तिथे मी अडकले. मला लिहायचं होतं की माणसाच्या हाताला जे कळतं ते यंत्राला कळत नाही. कॉलेजात सरांनाही ते आवडलं असतं. पण कुंदाने तर पाठ लांब केली होती, कळी दिली होती. मग आकार चुकला कुठे? मी कुंदाच्या पॅटर्नचा मोठा छापील कागद मास्तरांच्या पुठ्ठ्यावर ठेवला. आकार चुकला नव्हताच. बाहीच्या मुंढ्याचा बाक तोच, गळा तोच, कळी तीच. फक्त सगळं थोडं लहान. कॉलेजजवळ झेरॉक्सवाला पानं कमी टक्क्यांत काढून देतो, तसं.

मी स्टीलची लांब पट्टी आणली आणि मास्तरांची टेप तिच्या शेजारी पसरली. मास्तर चहाला खाली गेले होते. टेपीच्या चाळीस इंचांना पट्टीवर सव्वाएक्केचाळीस आले.

मी तीनदा मोजलं.

कात्री. रोजची ती कात्री. टेप वर्षानुवर्षं ताणली गेली होती, इतकी हळू की कुणाला कळलं नाही. आईची छाती सव्वाएक्केचाळीस होती, पण टेपवर चाळीस दिसली. मास्तरांनी वहीत चाळीस लिहिलं. मग त्याच टेपने पुठ्ठ्यावर चाळीस आखले, तेव्हा पुठ्ठ्यावर पुन्हा सव्वाएक्केचाळीस उतरले. चूक जाताना जेवढी, येताना तेवढीच. कपडा बरोबर बसला. कुंदाला मात्र मी वहीतले चाळीस दिले आणि तिने खरोखरचे चाळीस कापले.

म्हणजे कुंदा बरोबर होती. मास्तरही बरोबर होते. चुकीचा होता तो वहीतला आकडा, आणि तो मी टाइप केला होता. मी जर 'ना' लिहिलं असतं तर मास्तर राहिले असते आणि ते खोटं असतं. खरं लिहिलं तर मॅडम प्रत्येक आकडा थोडा वाढवणार, आणि मग मास्तरांची गरज कुणाला? दोन दिवस मी रिपोर्ट उघडायचे आणि मिटायचे. अभ्यासिकेत समोरची मुलगी म्हणाली, "पेपर अवघड होता का गं?" मी हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी मास्तरांनाच दाखवलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. टेप स्वतः पसरली, सुरकुती काढली, मोजलं. पट्टी उलटी करून मोजलं. मग खिडकीपाशी गेले आणि तिथे टाकलेल्या दुसऱ्यांच्या टेपा आणून एकेक लावून बघितल्या. त्या सगळ्या पट्टीशी जुळत होत्या.

शेवटची टेप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे हौसाबाय खरी केवढी होती?"

ते भिंतीवरच्या पुठ्ठ्यांकडे बघत होते, ओळखीचं समजून चुकीच्या घरात शिरल्यासारखे.

"कपडे बरोबरच बसत होते, मास्तर. सगळ्यांना."

"ता माका ठावक आसा. मी विचारतंय, ती केवढी होती?" मग एकदम माझ्याकडे वळले. "मॅडमाक सांगलंस?"

"नाही."

"कित्याक?"

"तुमची... म्हणजे त्यांनी ठरवलंय की जर..."

"गो चेडवा," ते चिडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्यावर. "माप खोटा लिवू नको. माझ्यासाठी तर मुळीच नको. जा. आता जा."

मी केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. "तो फिर हां," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं होतं तितक्या त्या खूश दिसल्या नाहीत.

एक अडचण राहिली होती. टेप एकदम ताणली गेली नव्हती. जुन्या पानांवरच्या मापांत चूक कमी, नव्या पानांवर जास्त. आणि वहीत तारखा नव्हत्या. पुठ्ठे मोजावेत तर वापरून वापरून त्यांच्या कडा झिजलेल्या. कुठलं माप कधीचं, हे एकट्या मास्तरांना माहीत होतं. म्हणजे त्यांचीच गरज संपवायला त्यांचीच गरज होती. ते आठवडाभर रोज माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले.

"सुमन? तिच्या चेडवाचा बारावी होता तेव्हा. हौसाबाय त्याच्या आधी. शेटांची जुनी गाडी होती, तिच्यात बसून इली होती मापाक." मी त्यावरून वर्ष काढायचे आणि कुंदा आकडा दुरुस्त करायची. सुमन अडतीस नव्हती, एकोणचाळीस होती. पुष्पा नवीन तर जवळजवळ दीड इंचाने वाढली. "बिचारी," मास्तर म्हणाले, "माका कधी बोलली नाय." हे विनोदाने म्हणाले की काय, मला समजलं नाही. सगळीच दुरुस्ती मी मन लावून केली. काम चांगलं होत होतं आणि मला ते आवडत होतं, हेही खरं आहे.

मॅडमनी त्यांना सरळ काढलं नाही. आठवड्यातून दोन दिवस फिटिंग बघायला या म्हणाल्या आणि नवी टेप दिली, न ताणणारी. मास्तरांनी त्या टेपने एक पाठ आखली. आखून झाल्यावर बाजूला सरकून बघत राहिले. हाताने सवयीने जिथे खूण केली होती तिथे टेप काही वेगळंच सांगत होती. त्यांनी खूण खोडली, परत केली, परत खोडली. बत्तीस वर्षांत या माणसाला रबर वापरताना कुणी पाहिलं नव्हतं, असं लताताई नंतर म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात ते आले नाहीत. कांदिवलीला मुलाकडे असतात, एवढंच कळलं.

जुनी टेप खिळ्यालाच होती. टोकाला कात्री नव्हती. कात्री कामाची, ती कटरने घेतली.

हॉस्पिटलची ऑर्डर कुंदाच्या पॅटर्नवर गेली. त्यात एक घोटाळा माझ्याकडून झाला. सॉफ्टवेअरमध्ये मापांना मी नावंच दिली होती, आणि गळ्यामागचं लेबल फाइलच्या नावावरून आपोआप छापलं जातं हे मला माहीत नव्हतं. लार्ज, मीडियमऐवजी शेकडो कुर्त्यांवर सुमन, पुष्पा, हौसाबाई छापून गेलं. हॉस्पिटलमधून फोन आला, हौसाबाई कोण? मॅडमनी मला बोलावलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बदल." आणि थोडं थांबून, "या लॉटमध्ये राहू दे."

आईच्या वॉर्डात बायका आता एकमेकींना विचारतात, "तू कुठली गं?" "मी पुष्पा नवीन." "मला कौसल्या घट्ट होते." आईला हसावं की लाजावं कळत नाही. तिच्या स्वतःच्या गळ्यामागे तिचंच नाव आहे.

एका संध्याकाळी मी मास्तरांना फोन लावला. लेबलांची गोष्ट सांगितली. मला वाटलं ते हसतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ता ऱ्हवांदे. वाकल्यार वर जाता काय?"

"नाही जात, मास्तर."

"तू बघलंस?"

बघितलं नव्हतं. आई नुकतीच कामावरून आली होती, अंगावर कुर्ता तसाच होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिला म्हणाले, जरा वाक ना. तिने ओट्याखालचं फडकं घेतलं आणि वाकली. मी मागे जाऊन पाहिलं. कुर्ता होता तिथेच होता. बगलेत कुठे ओढ नव्हती.

"नाही जात," मी सांगितलं. "अगदी बरोबर आहे."

मग त्यांनी विचारलं, "कोणी कापल्यान?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. टेप लताताईंनी लावली होती. आकडा मास्तरांनी लिहिला, तो चुकीचा होता. ती चूक मी शोधली, आकडा दुरुस्त कुंदाने केला, पण कसा ते मास्तरांनीच सांगितलं. कळी कुंदाने दिली, पण काम काय ते मी लिहिलं, आणि काम विचारायचं असतं हे मला या माणसाने फडकं टाकून शिकवलं होतं. यातलं कुठलं एक नाव घ्यायचं? त्यांचं घेतलं तर त्यांना ते खरं वाटेल का? आणि नाही घेतलं तर?

"अगं, झालं का तुमचं?" आई खालून म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती, फडकं धरून. "होऊ का सरळ?"

फोनमधून मास्तरांचा आवाज आला, पूर्वीसारखा, चढा.

"आधी तिका उभी कर गो. मगे सांग."